‘पाँच’मध्ये उदात्तीकरण कुठे दिसलं?

‘पाँच’वरच्या लेखात लेखक म्हणतात, अनुराग कश्यपचा हा सिनेमा नशा आणि हिंसेचं उदात्तीकरण करतो. मला हे मुळीच पटत नाही. के. के. मेननचा ल्यूक, रॉक बँडचा म्होरक्या, आठवा. बँडमधल्या दोस्तांवर खेकसतो, हात उचलतो, तरी बाकीचे त्याला सोडत नाहीत, कारण जेवण, छप्पर, सिगरेट सगळं त्याच्याच जिवावर. ही लाचारी पाहून कुणाला तसं जगावंसं वाटेल? मित्राच्या खोट्या अपहरणाचा बेत खुनापर्यंत जातो, तेव्हा तर ते सगळे नुसते घाबरलेले, खुजे दिसतात.

उत्तरार्धातल्या कलाटण्या जास्त झाल्या, हे मान्य. पण सेन्सॉरनं सिनेमा अडवला ते चूकच.

आमच्या इंदुरात, रामबागेतल्या ज्येष्ठांचा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. या सिनेमाच्या कथेमागे पुण्याचं १९७६-७७चं जोशी-अभ्यंकर हत्याकांड, म्हणजे कॉलेजातल्या तरुणांनी केलेली खुनांची मालिका आहे, आणि इथल्या कित्येकांचं माहेर, आजोळ पुण्याचं. ज्यांनी ते भयाचे दिवस पुण्यात काढले, त्यांना रॉक बँड आणि गाण्यांसकट ही कथा पाहवत नाही. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. पण ‘तरुण बिघडतील’ म्हणणाऱ्यांनी आधी सिनेमा शेवटपर्यंत पाहावा.