‘हिरवा दिवा आहे ना, मग अलार्म ठीकच’: फिरत्या मजकुराला मुद्देसूद उत्तर

व्यापाऱ्यांच्या आणि गृहनिर्माण संस्थांच्या व्हॉट्सॲप गटांवर चोरीविरोधी अलार्मविषयी एक मजकूर पुन्हा पुन्हा पुढे ढकलला जातो. त्याचा गोषवारा असा: अलार्म एकदा जाणकाराकडून बसवून घेतला की त्याला हात लावू नये, पॅनेलवर, म्हणजे अलार्मच्या मुख्य नियंत्रण डब्यावर, हिरवा दिवा असला की सगळे ठीक समजावे, दर महिन्याला सायरन वाजवून पाहिल्यास बॅटरी लवकर मरते, खोट्या अलार्मचा त्रास होत असेल तर मोशन सेन्सर (आतली हालचाल टिपणारा) बंद करून फक्त शटरचा सेन्सर चालू ठेवावा, चोर आधी वीज तोडतो, त्यामुळे अलार्मचा तसाही उपयोग नाही, आणि वाजलाच, तर पोलीस येतातच. अलार्म निरुपयोगी असेल तर त्याची बॅटरी इतकी जपायची कशाला, हे लेखकाने सांगितलेले नाही. तरीही एकेक मुद्दा तपासू.

हिरव्या दिव्यापासून सुरुवात करू, कारण बाकीचे गैरसमज त्याच्याच आधाराने उभे आहेत. शटरच्या खालच्या पट्टीवर लोहचुंबक आणि चौकटीवर रीड स्विच अशी नेहमीची मांडणी असते. शटर खाली असताना चुंबकामुळे स्विच जुळलेला राहतो आणि सर्किट पूर्ण असते. शटर उचलले की ते तुटते आणि सायरन वाजतो. पॅनेलला यातले फक्त सर्किट कळते, शटर त्याला दिसत नाही. त्यामुळे सेन्सरच्या दोन तारा वाटेत एकमेकींना चिकटल्या, किंवा सतत वाजणारा झोन (एका सेन्सरचे सर्किट) गप्प करण्यासाठी कोणी त्या मुद्दाम जोडून ठेवल्या, तर शटर पूर्ण वर असतानाही पॅनेल हिरवेच राहते. असा दोष पकडण्यासाठी तारेच्या शेवटी, म्हणजे सेन्सरपाशी, एक रेझिस्टर, म्हणजे विजेला ठरावीक रोध करणारा छोटा भाग, जोडायचा असतो; तारा वाटेत चिकटल्या तर तो रोध नाहीसा झाल्याचे पॅनेलला कळते. तो सेन्सरपाशी न जोडता सोयीसाठी पॅनेलच्या डब्यातच जोडण्याचा आळस या धंद्यात सर्रास चालतो. झाकण उघडल्यावर रंगीत पट्ट्यांचे ते बारके रेझिस्टर टर्मिनलवरच ओळीने खोचलेले दिसले, तर मधल्या तारेवर कोणाचेही लक्ष नाही असे खुशाल समजावे. हिरवा दिवा याबद्दल काहीही सांगणार नाही. शटर हळूहळू वर घेऊन नेमक्या किती उंचीवर सायरन वाजतो ते पाहणे, हीच त्याची खरी परीक्षा आहे.

‘जाणकाराने बसवले, आता हात लावू नये’ हा सल्ला तर कायद्याच्याच वृत्तीच्या विरुद्ध आहे. आगीपासून संरक्षण देणाऱ्या यंत्रणेबाबत महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा अधिनियमानुसार मालकाला किंवा भोगवटादाराला दरवर्षी जानेवारी आणि जुलै अशा दोन वेळा, यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र सादर करावे लागते. चोरीच्या अलार्मला हे बंधन लागू नाही, पण न तपासलेले यंत्र चालेल असे गृहीत धरू नये हा त्यामागचा विचार दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.

बॅटरीच्या मुद्द्याला साधा हिशेब पुरेसा आहे. बहुतेक पॅनेलमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असते. सायरन आणि पॅनेल मिळून १ अँपिअर घेतात असे धरले, तरी दोन मिनिटांच्या चाचणीत क्षमतेचा अर्धा टक्काही खर्च होत नाही. ही बॅटरी मरते ती वयाने आणि उष्णतेने: साधारण २५ अंशांच्या वर दर १० अंशांमागे तिचे आयुष्य जवळपास निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. चार्जर चालू असताना मरायला टेकलेली बॅटरीही साडेतेरा व्होल्ट दाखवते, म्हणून पॅनेलचा वीजपुरवठा बंद करून, सायरन वाजत असताना बॅटरीला व्होल्टमीटर लावावा. आकडा झपाट्याने खाली आला तर बॅटरी बदलावी.

मजकुरातला सर्वांत घातक सल्ला मोशन सेन्सर बंद ठेवण्याचा आहे. ‘शटर उचकटून चोरी’ ही बातमी आपण नेहमी वाचतो, पण ‘उचकटून’ म्हणजे काय याचा विचार करत नाही. दोन्ही कोपऱ्यांची कुलुपे जागच्या जागी ठेवून, मधला भाग पहारीने वाकवून, माणूस आत सरपटतो. चुंबक एका कोपऱ्यात असेल तर तो हलतही नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये नवी मुंबईतील जुईनगर येथे चोरांनी जवळच्या भाड्याच्या गाळ्यातून भुयार खणून बँकेची लॉकरची खोली गाठली आणि सुमारे ३० लॉकर फोडले. अशा वेळी दारावरचा सेन्सर कितीही उत्तम असला तरी काय करणार? चोर कोठूनही आला तरी आत वावरतो, आणि तो वावर टिपण्याचे काम मोशन सेन्सरचे आहे.

खोट्या अलार्मची तक्रार मात्र खरी आहे आणि तिची कारणे बहुधा शोधता येतात. हा सेन्सर शरीराच्या उष्णतेतून निघणारे अवरक्त किरण आणि त्यांतील बदल टिपतो. भिंगावरून पाल सरकली, तारेच्या छिद्रातून मुंग्या आत गेल्या, एसीचा झोत थेट त्यावर आला किंवा काउंटरवर उंदीर फिरला, तर तो वाजू शकतो. छिद्र सिलिकॉनने बुजवणे, भिंग पुसणे, जागा बदलणे हे उपाय आहेत. सेन्सर बंद करणे हा उपाय नव्हे.

याच सेन्सरची उलट बाजू मजकुरात नाहीच. काचेतून हे किरण जात नाहीत, त्यामुळे नवे काचेचे पार्टिशन उभे केले की त्यामागचा भाग सेन्सरपुरता आंधळा होतो. तो आडव्या हालचालीला चटकन आणि सरळ त्याच्या दिशेने येणाऱ्याला उशिरा प्रतिसाद देतो. शिवाय त्याला शरीर आणि पार्श्वभूमी यांच्या तापमानातला फरक लागतो. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे बंद पत्र्याच्या गाळ्यातील भिंती शरीराइतक्या तापल्या की साध्या सेन्सरची पकड ढिली पडते. म्हणून पॅनेल ‘वॉक टेस्ट’वर, म्हणजे सेन्सर चालणाऱ्याला टिपतो का हे पाहण्याच्या स्थितीत, ठेवून प्रत्येक कोपऱ्यातून, भिंतीला घासून आणि ओणवे होऊनही चालून पाहावे, आणि ही चाचणी डिसेंबरप्रमाणे मे महिन्यातही घ्यावी.

वीज तोडण्याच्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे. बॅटरी याचसाठी असते, आणि बऱ्याच पॅनेलमधून वीज गेल्याचा संदेशही मोबाइलवर येतो. पण बाहेरचा भोंगा स्वतःची बॅटरी नसलेला, स्वस्तातला असेल, तर त्याची तार कापताच तो मुका होतो. डायलरमधल्या, म्हणजे अलार्म वाजल्यावर साठवलेल्या नंबरांना फोन लावणाऱ्या उपकरणातल्या, सिमकडे तर कोणाचेच लक्ष नसते. ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) नियमांनुसार प्रीपेड सिम ९० दिवस वापरले गेले नाही आणि त्यात २० रुपयेही शिल्लक नसले तर ते बंद होऊ शकते. रिचार्जची मुदत संपल्यास कॉल त्याआधीच थांबतात. जुन्या टूजी डायलरमध्ये जिओचे सिम चालतच नाही. एवढ्याने अलार्म निरुपयोगी ठरत नाही. महिन्यातून एकदा खरा कॉल जाऊ दिला की सिमचा यातला प्रत्येक दोष उघड होतो आणि ते वापरातही राहते.

राहिला पोलिसांचा प्रश्न. साध्या दुकानातला किंवा घरातला अलार्म पोलीस ठाण्याशी आपोआप जोडलेला नसतो. कोणीतरी ११२ वर फोन करावा लागतो. तो कोण करणार, हे डायलरमध्ये साठवलेल्या नंबरांवर ठरते, आणि पहिला नंबर नोकरी सोडून गेलेल्या मॅनेजरचा असल्यास सायरन शेजाऱ्यांची झोपमोड तेवढी करेल. सायरनची चाचणी दिवसा, शेजाऱ्यांना सांगून घ्यावी. कॉलची चाचणी मात्र एकदा सायरनची तार तात्पुरती काढून रात्री दोन वाजता घ्यावी, म्हणजे कोणाचा फोन सायलेंटवर असतो ते कळते. यादीतल्या प्रत्येकाकडे गाळा क्रमांक, जवळची खूण आणि मागच्या दाराची वाट लिहून दिलेली असावी, आणि पोलीस येण्याआधी एकट्याने शटर उघडू नये असे त्याला स्पष्ट बजावलेले असावे.