दुधाचेच तर दात आहेत!

हे वाक्य यापुढे माझ्यासमोर कुणी उच्चारलं, तर त्याचे पक्के दात पाडण्याची जबाबदारी माझी.

आज दवाखान्यातून घरी आलो. चिरंजीव वय वर्षं सात, खालच्या दाढेत ताजं फिलिंग, अर्धा ओठ बधिर, एका बाजूने लाळ गळतेय. डॉक्टरांनी तीनदा बजावलं होतं: भूल उतरेपर्यंत, दोन-तीन तास, चावायला काही देऊ नका, पोरं स्वतःचाच गाल चावतात आणि त्यांना कळतही नाही. मी हात धुवायला गेले. मोजून दोन मिनिटं! परत येते तर आमच्या काकूंनी "बिचाऱ्याने किती सोसलं गं" म्हणत त्याच्या हातात टॉफी ठेवलेली. टॉफी! तीही ती चिवट, दाताला चिकटली की जिभेने उकरत बसावं लागतं तसली. आगीतून सुटून आलेल्या माणसाला काडेपेटी भेट द्यावी, तसं. पोराने टॉफीसकट गाल चावला आणि चवीने चावत राहिला. आता गालाचा भोपळा झालाय.

आणि काकू काय म्हणाल्या? "अगं, एवढं काय त्यात! आणि दवाखाना तरी कशाला? दुधाचेच तर दात आहेत, पडणारच आहेत. आमच्या वेळी कुठे होते डॉक्टर?"

नव्हते ना काकू, म्हणूनच तुमची कवळी रात्री पेल्यात झोपते. (हे मनात म्हटलं. तोंडाने "हो ना" म्हटलं. त्याचाच जास्त राग आलाय.)

पडणारच आहेत, पण कधी? पुढचे पडतात सहा-सात वर्षांचं पोर झालं की. मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तोवर त्याने काय हिरड्यांनी चावायचं? शिवाय त्या दाढा खालून येणाऱ्या पक्क्या दातांसाठी रुमाल टाकून जागा धरून बसलेल्या असतात. अवेळी काढल्या की शेजारचे सरकून जागा बळकावतात. आणि दुधाच्या दातांचं वरचं आवरण पातळ, कीड लागली की नसेपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. मग रात्री दोन वाजता ठणका लागतो, तेव्हा "पडणारच आहेत" म्हणणारे शांत झोपलेले असतात.

आता निघालंच आहे तर सगळंच निघू दे. टूथपेस्टच्या जाहिराती! ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पेस्टची झोकदार लाट. तीन वर्षांखालच्या पोराला तांदळाच्या दाण्याएवढी पुरते, पुढे वाटाण्याएवढी. वर तिला स्ट्रॉबेरीची चव, म्हणजे थुंकायच्या ऐवजी गिळतात आणि "आई, अजून" म्हणतात. मग दुधाची बाटली तोंडात धरून झोपणारी बाळं, आणि "किती गुणी आहे, झोपतं लगेच" म्हणून कौतुक करणारे पालक. झोपेत लाळ कमी होते हो, ते दूध रात्रभर दातांवर बसून असतं! आणि खोकल्याचं गोड औषध, जे नेमकं ब्रश झाल्यावरच आठवतं. आणि आमचे डॉक्टर. "आई, रात्री ब्रश करून घेता ना?" आई! बाबा शेजारच्या खुर्चीत मोबाइलमध्ये मान घालून बसले होते, त्यांना कुणी काही विचारलं नाही. सात-आठ वर्षांपर्यंत पोरांना स्वतःला नीट घासता येत नाही, मान्य. पण घासायला आईचाच हात लागतो असं कुठे लिहिलंय?

...बरं. आता खरं सांगून टाकते.

आज भरली ती दाढ दुधाची नव्हतीच.

सहाव्या वर्षाच्या आसपास शेवटच्या दुधाच्या दाढेमागून पक्की दाढ येते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, त्यामुळे घरात वाजतगाजत कळत नाही. गुपचूप मागच्या दाराने येते. मी रोज रात्री घाम गाळून, मांडीत डोकं दाबून, धमक्या देत ब्रश करत होते ते तिच्या अलीकडपर्यंत. माझ्या हिशेबी तोंड तिथेच संपत होतं. महिन्याभरापूर्वी तिच्यावर काळा ठिपका दिसला होता, तेव्हा "काहीतरी खाल्लं असेल" म्हणून सोडून दिला. आणि आज डॉक्टरांनी छोटा आरसा धरून ती दाखवली तेव्हा मी, दातांवर घरादाराला व्याख्यानं देणारी मी, काय विचारावं?

"डॉक्टर, ही दुधाचीच ना? पडेल ना?"

डॉक्टरांनी मास्क खाली घेतला. "ही आयुष्यभराची." बाबांनी तेव्हा मात्र मोबाइलमधून मान वर काढली.

तर आत्ता रात्रीचे साडेनऊ वाजलेत. गाल दुखतोय म्हणून आज ब्रश करणार नाही, अशी घोषणा झाली आहे. तो पलंगाखाली आहे, मी ब्रश घेऊन गुडघ्यांवर आहे, आणि काकू बाहेरून सांगतायत, "राहू दे गं एक दिवस."