विटा बघायला लंडनला

लंडनमध्ये फुकट काय काय आहे, याची यादी आमच्या काकांनी विमानातच केली होती. ब्रिटिश म्युझियम झालं, नॅशनल गॅलरी झाली आणि मग थेम्सकाठची टेट मॉडर्न. हे मुळात बँकसाइडचं वीजकेंद्र, २००० साली तिथं कलासंग्रहालय झालं, हे ऐकून काका खूश. ते पीडब्ल्यूडीतून निवृत्त. चित्रं कशीही असोत, बांधकाम तरी बघून होईल, असा हिशेब.

आधुनिक कला कळत नाही याचं मला दुःख नाही. माझी पंचाईत होते ती चेहऱ्याची. जुन्या चित्रांपुढे "घोडा काय हुबेहूब काढलाय" म्हणून पुढं सरकता येतं. इथं किती वेळ थांबायचं आणि तोवर तोंड कसं ठेवायचं, हे कुठंच लिहिलेलं नसतं. लगेच निघालो तर अडाणी, रेंगाळलो तर ढोंगी. शेवटी शेजारच्या दाढीवाल्या गोऱ्याचं बघून मीही मान डावीकडे कलती करू लागलो. थोड्या वेळानं लक्षात आलं, तो माझं बघून करत होता.

काकांना असल्या अडचणी नाहीत. टर्बाइन हॉलच्या जमिनीत बुजवलेली एक लांबलचक भेग दिसते. डोरिस साल्सेडो या कोलंबियन शिल्पकर्तीनं २००७ मध्ये १६७ मीटरची ही भेग मुद्दाम पाडून घेतली होती. प्रदर्शन संपल्यावर भरली, वण राहिला. वर्णद्वेष, स्थलांतरितांचे हाल वगैरे तिचा अर्थ मी मोबाइलवरून वाचून दाखवत होतो, तोवर काका उकिडवे बसून वण चाचपत होते.

"भरलीय चांगली," ते म्हणाले. "आमच्याकडे भेगा आपोआप पडायच्या. वर चौकशी लागायची ती वेगळीच."

पुढं कार्ल आंद्रे या अमेरिकन शिल्पकाराच्या विटा. १२० फायरब्रिक, दोन थरांत, आयतात मांडलेल्या. मध्ये माल नाही, गिलावा नाही. टेटनं त्या १९७२ मध्ये विकत घेतल्या आणि १९७६ मध्ये ब्रिटिश वर्तमानपत्रांनी त्यावरून यथेच्छ शिमगा केला. काकांनी प्रदक्षिणा घालून विटा मोजल्या.

"बरोबर भरतात. साइटवर मोजायला सोपं जावं म्हणून आम्ही अश्शाच लावून घ्यायचो."

म्हणजे सांगली जिल्ह्यात अशी किती प्रदर्शनं उन्हापावसात होऊन गेली, देव जाणे.

मार्सेल द्युशाँनं १९१७ साली कलाकृती म्हणून मांडलेली मुतारीही होती. मूळची हरवली, इथली १९६४ ची प्रतिकृती, असं मी सांगितलं.

"मुतारी हरवते कशी रे?" काकू.

"ते राहू दे, चालू असलेली कुठंय ते विचार," काका. ते त्या शोधात गेले.

काकूंचे गुडघे एव्हाना बोलायला लागले होते. रोथ्को या अमेरिकन चित्रकाराच्या चित्रांच्या खोलीत अंधुक उजेड, भिंतींवर लालकाळी अजस्र चित्रं आणि मध्ये चक्क बाक! काकू बसल्या. ही चित्रं न्यूयॉर्कच्या एका महागड्या रेस्टॉरंटसाठी काढली होती, पण रोथ्कोनं पुढं पैसे परत केले आणि चित्रं दिलीच नाहीत, असं मी सांगितलं.

"बरंच केलं. यांच्यासमोर घास उतरला नसता कुणाच्या."

चित्रकाराचा बेतही म्हणे नेमका तोच होता. मी तसं सांगितल्यावर काकूंनी पहिल्यांदाच चित्रांकडे नीट बघितलं.

"मग पाटीवर तसं लिहायचं की स्पष्ट," म्हणाल्या आणि चपला काढून, पाय वर घेऊन ऐसपैस बसल्या.