‘बारावीनंतर थेट एमडी’: हमी कशाची आणि कोणत्या अटींवर?

अमेरिकेतील मराठी मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांत, आणि आता पुण्या-मुंबईच्या पालकांच्या गटांतही, एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचा आशय असा की अमेरिकेत हुशार मुलाला बारावीनंतरच वैद्यकीय महाविद्यालयात हमखास जागा मिळते, एमकॅट ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागत नाही, दोन वर्षे आणि लाखभर डॉलर वाचतात, नीटमध्ये मागे पडलेल्या भारतातील मुलांनाही हा मार्ग खुला आहे, आणि नेहमीच्या मार्गाने जागा मिळणे जवळजवळ अशक्य असल्यामुळे पालकांनी नववीपासूनच याच्या मागे लागावे. यातील बरीचशी विधाने कोणत्या ना कोणत्या विद्यापीठाबाबत खरी आहेत. ती सगळी एकाच विद्यापीठाबाबत खरी आहेत असे मात्र मला कोठेही दिसलेले नाही, आणि पालकांची फसगत होते ती नेमकी येथे.

अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण सहसा पदवीनंतर सुरू होते. चार वर्षांची पदवी, एमकॅट, मग चार वर्षांचे एमडी (तिकडची डॉक्टरकीची पहिली पदवी, आपल्याकडच्या एमबीबीएससारखी) असा तो क्रम असतो. बारावीच्या वर्षातच पदवी आणि एमडी या दोन्हींसाठी एकत्र निवड करणारे जे कार्यक्रम आहेत, त्यांना तिकडे बीएस-एमडी म्हणतात.

प्रथम ‘हमखास’ या शब्दाविषयी. बारावीत मिळालेले पत्र म्हणजे सशर्त आश्वासन असते. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या हमी-प्रवेश योजनेचे उदाहरण घ्या. तेथे पदवीच्या काळात चारपैकी ३.७५ इतका जीपीए, म्हणजे श्रेणींची सरासरी, राखावा लागतो (‘ए’चे चार गुण, ‘बी’चे तीन, ‘सी’चे दोन). ऐकायला ही अट सौम्य वाटते, कारण या मुलांनी शाळेत ‘ए’खालची श्रेणी सहसा पाहिलेली नसते. प्रत्यक्षात तिचा अर्थ असा होतो की समान श्रेयांकांच्या दर चार विषयांत तीन ‘ए’ आणि एक ‘बी’, यापलीकडे काहीही घसरून चालत नाही. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या एका सत्रात ‘सी’ आला, तर सरासरी पुन्हा ३.७५ वर आणण्यासाठी त्याच वजनाच्या सात विषयांत निर्भेळ ‘ए’ मिळवावे लागतात. अट मोडली की हमी संपते, आणि मग तोच विद्यार्थी इतरांप्रमाणे एमकॅट देऊन अर्ज करणाऱ्यांच्या रांगेत उभा राहतो, तोही घसरलेल्या जीपीएसह. शिवाय काही कार्यक्रमांत दुसऱ्या वैद्यकीय महाविद्यालयात अर्ज केला की हातातली जागा सोडावी लागते; अठराव्या वर्षी केलेली निवड बाविसाव्या वर्षी बदलायची असेल, तर हीच हमी पायातली बेडी होते.

हमीची व्याप्तीही समजून घ्यायला हवी. ती वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारापर्यंतच असते. पुढे यूएसएमएलई या डॉक्टरी परवान्याच्या परीक्षेच्या पायऱ्या सर्वांनाच चढाव्या लागतात, आणि रेसिडेन्सीची, म्हणजे एमडीनंतरच्या रुग्णालयीन प्रशिक्षणाची, जागा दर मार्चमध्ये जाहीर होणाऱ्या राष्ट्रीय ‘मॅच’ या वाटपातूनच मिळवावी लागते. जानेवारी २०२२ पासून यूएसएमएलईच्या पहिल्या पायरीत गुण न देता केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निकाल लागतो. त्यामुळे त्वचारोग किंवा अस्थिरोग शस्त्रक्रियेसारख्या चुरशीच्या शाखांसाठी दुसऱ्या पायरीचे गुण, संशोधन आणि शिफारसपत्रे यांचे वजन वाढले आहे. बारावीत जागा मिळाली होती, याला त्या टप्प्यावर कोणी विचारत नाही.

एमकॅटचे विधान अर्धे खरे आहे. काही कार्यक्रम ती परीक्षा मागत नाहीत. काही मागतात आणि किमान गुणांची अटही घालतात. (एमकॅट टाळून आलेली मुले कच्ची असतात, असा उलट आक्षेपही घेतला जातो; तोही टिकत नाही. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय महाविद्यालयाने १९८७ मध्ये मानव्यशास्त्राच्या पदवी विद्यार्थ्यांना एमकॅटविना आगाऊ प्रवेश देण्याची योजना सुरू केली, आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांची वैद्यकीय शिक्षणातील कामगिरी एकंदरीत इतरांच्या तोडीचीच दिसली.)

दोन वर्षे वाचतात, हे तर सरसकट लागूच पडत नाही. मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील वैद्यकीय महाविद्यालयात १९७१ पासून सहा वर्षांचा कार्यक्रम चालतो, पण त्यासाठी उन्हाळी सुट्ट्यांवर पाणी सोडावे लागते. याउलट १९८४ मध्ये स्थापन झालेला ब्राऊन विद्यापीठाचा नावाजलेला कार्यक्रम पूर्ण आठ वर्षांचा आहे. घाई न करता मुलांनी संगीत, इतिहास, गणित जे हवे ते शिकावे, हाच त्याचा हेतू. तेथे पैसेही वाचत नाहीत. ब्राऊनमध्ये पदवीचा एकूण वार्षिक खर्च ९० हजार डॉलरांच्या पुढे गेला आहे, आणि तेथे गुणवत्तेवर शिष्यवृत्ती नसते, मदत मिळते ती आर्थिक गरज पाहूनच. राज्याच्या विद्यापीठात शिष्यवृत्तीवर पदवी घेऊन मग एमडी करणारा विद्यार्थी कित्येकदा कमी कर्जात डॉक्टर होतो.

या मजकुराचा सर्वांत हानिकारक भाग भारतातील पालकांना उद्देशून आहे. बहुतेक बीएस-एमडी कार्यक्रम अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांपुरतेच आहेत. ब्राऊनसारखे अपवाद थोडे, आणि तेथील स्पर्धा नीटपेक्षा सौम्य समजणे हा भाबडेपणा आहे. परदेशी विद्यार्थ्याला अमेरिकी सरकारचे शैक्षणिक कर्जही मिळत नाही. आणखी एक गोष्ट सोयीस्करपणे गाळली जाते: परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन भारतात व्यवसाय करू इच्छिणाऱ्या भारतीय नागरिकाला २०१८ पासून आधी नीट उत्तीर्ण व्हावेच लागते. म्हणजे नीट चुकवण्याचा हा मार्ग परतीची वाटच बंद करू शकतो. अमेरिकेतच वाढलेल्या, पण आईवडिलांच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या मराठी मुलांचीही यात कोंडी होते. ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षे अडकलेल्या कुटुंबातील मुलाचा एच-४, म्हणजे आश्रिताचा, व्हिसा-दर्जा एकविसाव्या वर्षी संपतो, म्हणजे ऐन पदवीच्या मध्यावर. अशा मुलाने अर्जापूर्वी प्रत्येक कार्यक्रमाची नागरिकत्वाची अट लेखी विचारून घ्यावी.

राहिला नेहमीचा मार्ग ‘जवळजवळ अशक्य’ असल्याचा दावा. अमेरिकेत दरवर्षी सुमारे ५२ हजार जण एमडीसाठी अर्ज करतात आणि त्यांपैकी २३ हजारांच्या आसपास प्रवेश घेतात. म्हणजे दहांपैकी चारांहून अधिक. अर्जापर्यंत पोहोचण्याआधीच अनेक जण गळतात, त्यामुळे हे प्रमाण दिसते तितके सोपे नाही हे मान्य. तरीही नामांकित बीएस-एमडी कार्यक्रमांत शंभरांतून मोजक्याच मुलांची निवड होते. शिवाय हे कार्यक्रम कायमचे असतातच असे नाही. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने १९६१ मध्ये सुरू केलेल्या आपल्या जुन्या कार्यक्रमात नवे प्रवेश देणे अलीकडे थांबवले. नववीपासून त्या एका नावावर सगळी आखणी करून बसलेल्या मुलांना मग नेहमीच्याच मार्गाने जावे लागले.