जुन्नरच्या दोन दिवसांविषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया वाचली. जुन्नर परिसरातील आमच्या शनिवार-रविवारच्या अभ्यासफेरीवरील लेखात मी लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाचे लेणे सहाव्या क्रमांकाचे म्हटले होते. सहावे लेणे हे चैत्यगृह (स्तूप असलेले बौद्ध प्रार्थनागृह) असून गणपती आहे तो विहार, म्हणजे भिक्षूंचे निवासस्थान, सातवा, हे आपले म्हणणे बरोबर आहे आणि लेखात तशी दुरुस्ती केली आहे. मात्र त्या एका आकड्याचा आधार घेऊन आपण पुढे जे लिहिले, की ‘बसमधून बत्तीस माणसे लेण्यांत ओतून इतिहास कळत नाही, ही निव्वळ हौशी सहल आहे’, त्यातला सूर मला मुळीच मान्य नाही.

‘ओतून’ हा शब्द आपण कोणासाठी वापरलात? त्या बत्तीस जणांत एक निवृत्त परिचारिका होत्या. गुडघेदुखी असूनही त्या तुळजा लेण्यांपर्यंत चढून आल्या, तेथील गोल चैत्यगृहात बारा खांबांच्या वर्तुळातून स्तूपाभोवती सावकाश फिरल्या आणि बाहेर आल्यावर त्यांनी विचारले, की लेण्याद्रीचे चैत्यगृह लांबट असताना हेच गोल का. त्या एका प्रश्नावर आम्ही अर्धा तास बोलत बसलो होतो. अशा माणसाला ‘ओतलेले’ म्हणणे असभ्यपणाचे आहे.

नाणेघाटात, म्हणजे जुन्नरजवळच्या त्या प्राचीन खिंडीत, काय घडले, तेही सांगतो. तेथील लेण्याच्या भिंतीवरचा सातवाहन राणी नागणिकेचा लेख समोरून उजेड टाकला तर जवळजवळ दिसतच नाही, म्हणून आम्ही पाच-पाच जणांना आत घेऊन विजेरी भिंतीलगत तिरकी धरली. ब्राह्मी या प्राचीन लिपीतील अक्षरांच्या कडांना सावली आली आणि एका शाळकरी मुलाने ‘न’ आणि ‘मो’ स्वतः शोधून काढले. मागच्या भिंतीवर सातवाहन राजकुलाच्या पुतळ्यांची आता केवळ पावले उरली आहेत. वर सिमुक, सातकर्णी, नायनिका (म्हणजेच नागणिका) ही नावे मात्र आहेत. ती पावले पाहताना कोणी मोबाइलही काढला नाही. बाहेर घाटमाथ्यावर सोनकी फुलली होती, एका बाजूला जीवधन किल्ल्याचा कातळ होता आणि खाली पायथ्याच्या वैशाखरे गावाकडे उतरणारी दगडी वाट दिसत होती. कोकणातल्या बंदरांचा माल देशावर याच खिंडीतून का चढत असे, हे तेथे उभे राहिल्यावर जसे उमगते तसे नकाशावर बोट ठेवून उमगत नाही.

दोन दिवसांत काही कळत नाही, असे आपण ठामपणे म्हणता, म्हणून स्वतःविषयी लिहावे लागत आहे. माझे वडील शाळामास्तर होते. मी नववीत असताना त्यांनी आम्हा अकरा मुलांना एसटीने नाणेघाटाच्या माथ्यावरील घाटघरला नेले. त्यांच्याजवळ ना मोठी पदवी होती, ना ग्रंथसंग्रह. एक विजेरी आणि वहीत उतरवून घेतलेली ब्राह्मीची बाराखडी होती. रात्र आम्ही नाणेघाटाच्या त्या लेण्यातच काढली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतलो. पुढे मी ब्राह्मी शिकलो आणि गेली एकोणीस वर्षे दर पावसाळ्यानंतर लोकांना घेऊन तेथे जातो, ते त्या दोन दिवसांमुळेच. तीही हौसच होती, आणि तिची मला आजही लाज वाटत नाही. एकट्याने अभ्यास करणाऱ्यांविषयी मला आदर आहे; परंतु इतरांना दारातच अडवण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला?

घाटातल्या दगडी रांजणात जकात गोळा होत असे, ही परंपरेने सांगितली जाणारी गोष्ट आहे, असे मूळ लेखातच लिहिले आहे. तो कृपया पुन्हा वाचावा. वटवाघळे, प्लास्टिक आणि बसचे भाडे यांविषयीच्या आपल्या शेऱ्यांना उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही.

लेण्याच्या क्रमांकाची चूक दाखवल्याबद्दल आभार. ‘ओतून’ हा शब्द मात्र आपण मागे घ्यावा, कारण ते बत्तीसही जण हा मजकूर वाचत आहेत.