फुकटचा चेकर

लाइट बिल मुदतीच्या आत भरलं की तेरा रुपये सूट होती. त्या तेरा रुपयांपायी परवा भर बाराच्या उन्हात, पत्र्याच्या शेडखाली, तीसेक माणसांसमोर माझी जी शोभा झाली ती अजून अंगावरून उतरलेली नाही.

झालं एवढंच की मी घरी लॅपटॉपवर बिल भरायला बसलो. ग्राहक क्रमांक टाकला, कार्डाचे आकडे टाकले, ओटीपी आला, तोही टाकला, आणि शेवटचं बटण दाबल्याबरोबर ब्राउझर गेला. अडकला नाही, चक्र फिरवत बसला नाही. हॉटेलात बिल आलं की काही मित्र हात धुवायला उठतात आणि परत येतच नाहीत, तसा गेला. पैसे कटले की नाही, कळायला मार्ग नाही.

"अहो, त्या अर्धवट ब्राउझरवर भरलंत ना?" स्वयंपाकघरातून आवाज आला. आमच्या हिला संगणकातलं काही कळत नाही असं मी वीस वर्षं धरून चाललोय, पण ब्राउझर गेल्याचं तिला माझ्या उसाशावरून कळतं. "माझ्या फोनवरून मिनिटात झालं असतं. आता जा, खिडकीवर विचारून या. आणि येताना कोथिंबीर."

ही खोड मला 2008 पासूनची. त्या वर्षी 2 सप्टेंबरला गूगलने क्रोम पहिल्यांदा बाहेर काढला तोच मुळी बीटा म्हणून, आणि तेव्हापासून ज्याच्यावर 'अजून पुरं झालेलं नाही' अशी पाटी असेल ते मला आधी हवं असतं. सध्या जो वापरतोय त्याचं नाव घेत नाही. नवा आहे, लेकराचं नाव आत्ताच कशाला खराब करा. त्याची रोज रात्री एक नवी आवृत्ती निघते आणि सकाळी चहाच्या आधी मी ती उतरवून घेतो. काल जे चालत होतं ते आज बंद असतं, आणि काल जे बंद होतं तेही बंदच असतं. नव्या ब्राउझरांचं बालपण असंच जातं म्हणा. फायरफॉक्स 2002 साली जन्मला तेव्हा त्याचं नाव फिनिक्स होतं. ते नाव आधीच कुणाचं तरी निघालं म्हणून फायरबर्ड ठेवलं, तेही दुसऱ्याचं निघालं, मग 2004 मध्ये फायरफॉक्स. आमच्याकडे आत्यासुद्धा पाळण्यातल्या पोराला इतक्यांदा हाका बदलून मारत नाही.

असो. खिडकी.

पाऊण तासाने माझा नंबर लागला. आतल्या पोराने बघून सांगितलं, "पेमेंट आलेलं नाही. ऑनलाइन का नाही भरलं?"

"ऑनलाइनच भरत होतो. ब्राउझर बंद पडला. टेस्टिंगचा आहे."

'टेस्टिंगचा' म्हणताना मी आवाज जरा उंच केला, हे मला मान्य आहे. पुढचं सगळं त्यामुळेच झालं. तो पोरगा "बरं" म्हणाला आणि त्याच क्षणी त्याचा सर्व्हर बसला. "थांबा सगळे, दहा मिनिटं." म्हणजे रांगेला आता करायला काही उरलं नाही, आणि माझ्यामागे अण्णा उभे होते.

अण्णा सत्तरीचे. पांढरा सदरा, चष्म्याला दोरी, डोक्यावर ओला टॉवेल, अर्थातच सोलापुरी. घरात तेलुगू बोलत असणार, हे त्यांच्या मराठीच्या हेलावरून कळत होतं.

"टेस्टिंग म्हणजे काय ओ साहेब?"

मी सांगितलं, की कंपनी नवा माल बाजारात आणायच्या आधी आमच्यासारख्यांना वापरायला देते. कुठं काय बिघडतं ते आम्ही कळवायचं.

"म्हणजे चेकर."

"तसंच काहीसं."

"मी पण चेकर होतो. एकतीस वर्षं. चादरीच्या कारखान्यात, अक्कलकोट रोडला." त्यांनी माझ्याकडे एकदम घरच्या माणसासारखं बघितलं. ते सुख पंधरा सेकंद टिकलं. "पगार किती देतात?"

"पगार नसतो."

"मग पीसवर?"

"पीसवर पण नाही."

"दिवाळीला काय तर देत असतील की."

"अण्णा, हे फुकट असतं. आवड म्हणून करतात लोक."

अण्णांनी चष्मा काढला, टॉवेलच्या टोकाने पुसला आणि परत चढवला. जणू स्वच्छ काचेतून माझं उत्तर वेगळं दिसणार होतं. मग मागे वळून त्यांनी रांगेला सांगितलं, "हे साहेब कंपनीचं चेकिंग करायलेत. फुकट."

'साहेब' हा शब्द मी त्या दिवशी शेवटचा ऐकला तो तेव्हा.

रांग जवळ सरकली. एका बाईने रविवारीपण करावं लागतं का विचारलं. एकाने कंपनी परदेशातली आहे का विचारलं आणि 'हो' म्हटल्यावर 'मग बरोबर' असं मान हलवून म्हणाला, त्याला काय बरोबर वाटलं देव जाणे. अण्णांचं मात्र लक्ष ढळलं नाही. त्यांनी एकतीस वर्षं धागा न् धागा बघितला होता. ते मला असा सोडणार नव्हते.

"तुमाला जो माल दिलाय, त्यात दोष हाय की नाय?"

"असतो. तोच शोधायचा असतो."

"म्हणजे सेकंड."

"काय?"

"सेकंड माल. दोष निघालेली चादर आमी सेकंडला टाकायचो. किमतीत सूट द्यायचो गिऱ्हाइकाला. तुमाला सूट किती?"

"सूट कसली? पक्का तयार झालेला ब्राउझरही फुकटच मिळतो."

इथं अण्णा थोडा वेळ गप्प झाले. हिशेब करत होते. मग बोटं मोडत, रांगेला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "फस्ट पण फुकट. सेकंड पण फुकट. आणि तू सेकंड उचललास."

"हो, पण..."

"मुद्दाम."

मागून कुणीतरी "आयला" म्हणालं. त्या माणसाला मी शोधतोय.

आता शहाण्याने इथं गप्प बसावं. पण माणसाची अब्रू जायला लागली की त्याला ज्ञान पाजळायची उबळ येते. मी कॅनरीची गोष्ट काढली. म्हटलं, अण्णा, ही काही हलकी गोष्ट नाही. गूगल 2010 पासून क्रोमची जी अगदी कच्ची, रोज बदलणारी आवृत्ती काढतं, तिचं नाव कॅनरी. पूर्वी कोळशाच्या खाणीत उतरताना कामगार पिंजऱ्यातून कॅनरी पक्षी न्यायचे. विषारी वायू असला तर पक्षी आधी पडायचा आणि माणसं वेळेत बाहेर पळायची. ब्रिटनमध्ये तर 1986 पर्यंत हे पक्षी खाणीत होते. त्यावरून नाव.

अण्णांनी नीट ऐकून घेतलं. "पक्षी मेला की माणसं पळायची."

"बरोबर."

"यात तू माणूस का पक्षी?"

खिडकीतला पोरगा, जो इतका वेळ बसलेल्या सर्व्हरकडे बघत होता, तो फसकन हसला.

"आणि त्या पक्ष्याला दाणे तरी टाकत असतील की बे!"

सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडचा 'बे' ही शिवी नाही. दोस्तांत तो लाडाचा आहे, 'काय करायलास बे' हा आमच्याकडे क्षेमकुशलाचा प्रश्न आहे. पण तो कुणी, कुणाला, किती लोकांसमोर म्हणायचा याचे नियम आहेत. मी शेहेचाळीस वर्षांचा आहे. माझ्या दुकानात लोक मला सर म्हणतात. 'काय ओ साहेब'पासून 'बे'पर्यंतची उतरंड मी साधारण नऊ मिनिटांत उतरलो.

तरी मी एक शेवटचा प्रयत्न केला. म्हटलं, तुमचा आणि माझा धंदा एकच आहे. चादरीवरचं डिझाइन ज्या भोकं पाडलेल्या कार्डांवरून माग उचलतो, ती जॅकार्डची युक्ती फ्रान्समध्ये 1804 च्या सुमारास निघाली. पुढे बॅबेज नावाच्या इंग्रज माणसाने आपल्या गणिती यंत्रासाठी तीच कार्डं घ्यायची ठरवली. म्हणजे संगणकाचं आजोळ तुमच्या कारखान्यात आहे.

"मग त्यांनी आमाला काय दिलं?" अण्णा म्हणाले.

या माणसाशी पैशाशिवाय बोलायची सोयच नव्हती.

मधेच एकाचा फोन वाजला. घरून होता. चार दिवसांनी पाणी आलं होतं, तो रांग सोडून धावत सुटला. आणखी दोघे त्याच भागातले निघाले, तेही पळाले. मीही पळावं असं फार वाटलं, पण आमच्याकडे पाणी परवा येऊन गेलं होतं.

माझी सुटका शेवटी खिडकीतल्या पोरानेच केली. त्याने विचारलं, "पण तुमचा ब्राउझर नवा, मग साइट त्याला ओळखते कशी?" म्हटलं, ती एक मोठी लबाडी आहे. प्रत्येक ब्राउझर साइटला आधी आपली ओळख पाठवतो, आणि जवळपास सगळे पहिल्या शब्दात आपण 'मोझिला' असल्याचं सांगतात. क्रोमही तेच सांगतो, पुढे सफारीचंही नाव लावतो, आणि या सगळ्यात कुठंतरी आपलं खरं नाव घालतो. पूर्वी काही साइटी नाव बघून आत घ्यायच्या, म्हणून ही पद्धत पडली ती अजून सुटली नाही.

"म्हणजे पाणिपतची चादर," अण्णा म्हणाले.

बस्स. पुढची पाच मिनिटं मला कुणी विचारलंच नाही. पाणिपतला विणायची, 'सोलापुरी' म्हणून गावोगाव विकायची, आणि आमच्याकडे जीआय, म्हणजे मूळ गावाचा सरकारी शिक्का, मिळालेली खरी चादर गोदामात पडून. रांगेतल्या प्रत्येकाचा कुणी ना कुणी मागावर काम केलेला होता. बाई चिडल्या, 'आयला'वाला चिडला, अण्णांचा तर टॉवेल डोक्यावरून खाली आला. मी मोठ्या समाधानाने मान हलवत होतो. सगळं बोलणं माझ्यावरून पाणिपतावर गेलं होतं आणि तिथंच राहावं अशी माझी मनापासून इच्छा होती.

नाही राहिलं. अण्णा परत वळले. पण आता आवाज निराळा होता, एका चेकरने दुसऱ्याला विचारावा तसा. "दोष सांगितल्यावर मालक काय म्हणतो?"

इथं मी खरं सांगितलं, आणि ते सांगताना मला चढलेला राग काही गमतीचा नव्हता. माझं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, अहवाल, संमेलनांची कार्यक्रमपत्रिका. गिऱ्हाइकाला मजकूर ब्राउझरमध्येच दाखवतो. गेल्या वर्षी एका पत्रिकेत 'आचाऱ्यांचा सत्कार' असं होतं आणि पडद्यावर दिसलं 'आचार्यांचा सत्कार'. नशीब छापायच्या आधी दिसलं, नाहीतर आचाऱ्याची शाल गुरुजी घेऊन गेले असते. मराठीतला हा चंद्रकोरीसारखा 'र' एका पद्धतीत लिहिताना मधे एक न दिसणारं चिन्ह घालावं लागतं. या ब्राउझरच्या नव्या आवृत्तीत ते चिन्ह गळत होतं, आणि 'र'चा रफार होऊन डोक्यावर जाऊन बसत होता. मी रीतसर तक्रार नोंदवली. चित्र जोडलं. बाण काढले. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, हे इंग्रजीत समजावलं. पंधरा दिवसांनी तिकडच्या कुणीतरी उत्तर दिलं, की मला हे दोन्ही शब्द सारखेच दिसतात. आणि खाली शेरा: आमच्याकडे नीट चालतंय. नोंद बंद.

माझ्या तक्रारींचं आजवर दोनच प्रकारे झालेलं आहे. एक, आमच्याकडे नीट चालतंय. दोन, ही तक्रार आधीच नोंदलेली आहे. त्यांच्या इंग्रजी अक्षराचा एक कोपरा कापला गेला तर रात्रीत दुरुस्त होऊन सकाळी नवी आवृत्ती येते. आमचा 'ऱ' चौदा महिने रफार घालून हिंडतोय. आणि हे मी सांगितलं नाही तर त्यांना सांगणार कोण? तिथं कुणाच्या लग्नात आचारी असतो?

अण्णा हसले नाहीत. "आमचा मालक पण असंच म्हणायचा, दोष कुठं दिसतोय? मी चादर घेऊन बाहेर जायचो आणि उन्हात त्याच्या तोंडासमोर धरायचो. मग दिसायचा." जरा थांबून त्यांनी विचारलं, "तू काय धरतोस?"

"स्क्रीनशॉट."

"त्यातून ऊन जात नाय," अण्णा म्हणाले.

तेवढ्यात सर्व्हर उठला. मी रोख पैसे भरले, तेरा रुपये सूट धरून. पावती हातात पडायच्या आत अण्णांनी ती माझ्या हातून घेतली, उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी बघितली आणि परत दिली. "ठीक हाय." निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पगार माग की बे एकदा. काय म्हणतात बघ तरी." कोथिंबीर मी विसरलो. त्याचं घरी काय झालं ते निराळं.

रात्री लॅपटॉप उघडला. ब्राउझरने लगेच चौकट पुढे केली: मागच्या वेळी मी अचानक बंद पडलो, तेव्हा तुम्ही काय करत होता ते सांगाल का? मी इंग्रजीत, जमेल तितक्या सभ्य भाषेत लिहिलं की लाइट बिल भरत होतो, तुम्ही ऐन बटणावर गेलात, आणि सोलापुरातले एक अनुभवी चेकर विचारतायत की या कामाला पगार किती असतो. पाठवून दिलं.

सकाळी चहाच्या आधी नेहमीप्रमाणे नवी आवृत्ती आली होती. सोबत उत्तरही होतं. नोंद बंद. ही तक्रार आधीच नोंदलेली आहे.