हेल्मेट हँडललाच शोभतं

मुलांना सायकलवरून शाळेत पाठवताय? मग हेल्मेट जरूर घ्या आणि हँडलला अडकवा. परवा शाळेच्या फाटकापाशी एका बाबांना म्हटलं, "अहो, मुलीच्या डोक्यावर घाला ना ते." त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "दोन गल्ल्या सोडून तर घर आहे!" खरंच की. रस्ता कडक होतो तो तिसऱ्या गल्लीपासून.

माप दोन वर्षांनी बसेल असं घ्या. डोळ्यांवर आलं तर मागे सरकवा. कपाळ उघडं पडतं, पण फोटो छान येतो. भुवयांच्या वर दोन बोटं बसायला हवं वगैरे विसरा हो.

हनुवटीखालचा पट्टा सैल बरा, हवा खेळते.

कुणी टोकलंच तर "आमचा हळूच चालवतो" हे वाक्य तोंडपाठ ठेवा. डोकं जमिनीपासून दीड मीटरवर असेल, तर सायकल जागच्या जागी कलंडली तरी ते ताशी १९-२० किलोमीटर वेगाने खाली आपटू शकतं. गुरुत्वाकर्षणाला तुमच्या लेकाचा शांत स्वभाव कोण सांगणार? युरोपातल्या ईएन १०७८ या मानकाच्या चाचणीत हेल्मेट साधारण याच वेगाने सपाट पोलादावर आपटतात. म्हणजे ते बनतंच अशा पडण्यासाठी! आतला फोम चेपतो, डोक्याला थांबायला काही मिलिसेकंद जास्त मिळतात, खेळ तेवढ्याचाच. हँडलला लटकलेला फोम कोणासाठी चेपणार, पुढच्या चाकासाठी?

एकदा आपटलेलं हेल्मेट धाकट्याला द्या. चेपलेला फोम पुन्हा कामाचा नसतो, पण वरून चकचकीत आहे ना!

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९९० मध्ये सायकलवर हेल्मेट सक्तीचं केलं. तिकडे घर घेऊ नका.

"मूल ऐकतच नाही" हेही म्हणून बघा. बूट पुसलेले नसले तर त्याला उंबरा ओलांडू देत नाही, तेव्हा बरं ऐकतं? आणि तुम्ही सायकल काढता तेव्हा तुमच्या डोक्यावर काय असतं? हेल्मेटमुळे धडक टळत नाही, मान्य. गाड्यांचे वेग कमी व्हायला हवेत, रस्ते सुधारायला हवेत, शंभर वेळा मान्य. त्यासाठी भांडा, मीही येतो. पण आधी खाली वाका आणि पोराचं बकल लावा. तेवढंही जमत नसेल तर विकत कशाला घेतलंत?